धूम्रपान मुक्त जागा मनाई

ओल्या चादरींचा गठ्ठा ड्रममधून काढायचा असेल तर तो पाठीने ओढू नये, मांड्यांनी ओढावा. पाय रोवायचे, गुडघे जरा वाकवायचे आणि गठ्ठा अंगाशी धरून मागे सरकायचं. ज्याला हे पहिल्या आठवड्यात कळतं तो लाँड्रीत टिकतो. ज्याला कळत नाही तो कंबर धरून घरी जातो आणि दुसरीकडे काम बघतो. इंजिनाला हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो शेजारच्या माणसाकडे बघत राहिला आणि दुपारपर्यंत त्याच्यासारखा ओढायला लागला. ड्रमवरून पिळणीवर, पिळणीवरून इस्त्रीच्या रुळावर आणि शेवटी मुकादम, असा तो वर आला. वशिला नव्हता. कामात कसर ठेवत नव्हता, एवढंच.

इंजिन हे त्याचं नाव नव्हे. ओठांच्या कोपऱ्यात सिगरेट धरून तो हॉलमधून चालायचा तेव्हा धूर मागे मागे यायचा, आणि मध्येच खोकला आला की शिट्टीसारखा आवाज निघायचा. कुणीतरी इंजिन म्हणालं आणि ते चिकटलं. सगळे तोंडावर म्हणायचे. मुकादम म्हणायची ती फक्त मालकमंडळी.

सिगरेटीचा त्याचा एक नियम होता. हातात काम असताना ओढायची नाही. ड्रम भरला, दार लावलं, खटका ओढला, की पुढचं काम ड्रमचं. मग सिगरेट. बाकीचे पुरुषही तसंच करायचे. कुणाचं लक्ष जात नव्हतं, कारण त्या हॉलमध्ये वाफ इतकी असायची की धूर कुठे संपतो आणि वाफ कुठे सुरू होते ते सांगता आलं नसतं. खिडक्या होत्या, पण उंचावर आणि कायम बंद. रस्त्यावरची धूळ आधी ओल्या चादरींना चिकटते, आणि चादरी इस्पितळाच्या.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, घडीच्या टेबलावर, त्याची वहिनी काम करायची. थोरल्या भावाची बायको. भाऊ अपघातात गेला तेव्हा इंजिन तिला म्हणाला होता, "आमच्यात या. दोन ताटांत तिसरं काही जड नाही."

वहिनी म्हणाली, "ताट नको, भाऊजी. काम द्या."

म्हणून त्याने काम दिलं. ती त्याच्याच गल्लीत, एका खोलीत एकटी राहायची. सणावारालासुद्धा दिराकडे जेवायला आली तर काहीतरी रांधून घेऊन यायची, रिकाम्या हाताने कधी नाही. कामाला चोख होती. तिच्या घडीला कोपऱ्याला कोपरा मिळायचा, नंतर ओढून मिळवावा लागायचा नाही.

असं सगळं चाललं होतं. मग एक दिवस मालकीणबाईंनी इंजिनाला वरच्या केबिनमध्ये बोलावलं.

मालकीणबाई म्हणजे थोरल्या मालकांची मुलगी. लाँड्री थोरल्या मालकांनी उभी केली होती. थकल्यावर त्यांनी कारभार मुलीच्या हातात दिला, पण पाय निघत नव्हता. रोज दुपारची झोप झाली की ते येत, केबिनमध्ये आपल्या जुन्या खुर्चीत बसत आणि काचेतून हॉलकडे बघत. तेव्हा मुलगी हिशेबाचं काम घेऊन मागच्या खोलीत जायची.

"मुकादम, कामगार खात्याचा माणूस येऊन गेला," मालकीणबाई म्हणाल्या. "हॉलमध्ये धूर चालणार नाही. कुणाचाच. कायदा आहे."

"कायदा कशाला? मी सांगतो त्यांना. कमी ओढतील."

"कमी नाही. बंद. पाटी लावायची, राखेच्या डब्या उचलायच्या आणि एक जबाबदार माणूस नेमायचा. तुमचं नाव घालतेय."

इंजिनाने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"बाई, मला इंजिन म्हणतात."

"म्हणून तर. इंजिन थांबलं की डबे थांबतील."

"म्हणजे मी पण ओढायची नाही?"

"इथे नाही. बाहेर काय करायचं ते करा."

तो पायऱ्या उतरून खाली आला. चोरालाच चौकीदार करतात हे त्याने ऐकलं होतं, पण आपल्यावर पाळी येईल असं वाटलं नव्हतं. आणि चोरी कसली तेही त्याला नीट कळलं नव्हतं. ज्याची छाती त्याचा धूर, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. माझी सिगरेट मी ओढतो. त्यात खात्याचा काय संबंध, आणि मालकीणबाईंचा तरी काय?

पेंटर आला. त्याने मोठ्या झोकदार अक्षरांत हॉलच्या भिंतीवर पाटी रंगवली. धूम्रपान मुक्त जागा. रंग वाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन हॉलमध्ये शिरला तर बरोबर पाटीखाली, उलट्या टोपलीवर, ढोल्या बसलेला. ढोल्या म्हणजे ड्रमवरचा जाडा गडी. ड्रमसारखा, म्हणून ढोल्या. निवांत सिगरेट ओढत होता.

"काय करतोस?" इंजिनाने विचारलं.

"पाटी वाचली," ढोल्या म्हणाला. "मालकीणबाई देवमाणूस. इतके दिवस चोरटं वाटायचं. आता लिहूनच दिलं, मोकळं."

"मोकळं कुठलं? बंद केलंय."

"बंद कुठे लिहिलंय? मुक्त लिहिलंय. पाखराला पिंजऱ्यातून मुक्त केलं म्हणजे त्याची मान मुरगळली का?"

बॉयलरवाला हात पुसत आला. तो लाँड्रीतला शहाणा माणूस समजला जायचा, कारण तो सगळ्यात कमी बोलायचा.

"करमुक्त म्हणजे कर नाही," तो म्हणाला. "तसं धूम्रपान मुक्त म्हणजे धूम्रपान नाही."

"मग मुक्त प्रवेश म्हणजे प्रवेश नाही?" ढोल्याने विचारलं. ढोल्याला चेव आला. "आणि मुक्तहस्त माणूस म्हणजे काय, थोटा?"

घडीच्या टेबलावरच्या बायका हसल्या. वहिनी हसायला गेली आणि खोकत बसली.

इंजिनाने पाटी पुन्हा वाचली. काल त्याला अर्थ स्पष्ट वाटला होता. आज दोन्ही अर्थ सारखेच खरे दिसत होते. तो केबिनमध्ये गेला.

"बाई, ते मुक्त आहे ना, त्याचा अर्थ 'आहे' असा होतो, की 'नाही' असा?"

मालकीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "धूम्रपानापासून मुक्त, मुकादम."

"पण 'पासून' तर पाटीवर नाही."

त्या खाली आल्या, पाटीसमोर उभ्या राहिल्या, एकदा मनात वाचली, एकदा मोठ्याने वाचली. मग म्हणाल्या, "पेंटरला बोलवा. सरळ मनाई लिहायला सांगा."

पेंटर आला तेव्हा त्या नव्हत्या आणि इंजिन पिळणीवर होता. पेंटरने भिंत बघितली. मोकळी जागा एकाच ठिकाणी होती, शेवटी. तिथे त्याने लाल रंगात मनाई लिहिलं आणि निघून गेला. आता पाटी अशी झाली: धूम्रपान मुक्त जागा मनाई.

ढोल्याने ती खालून वर, वरून खाली बघितली. "संपलं," तो म्हणाला. "आता जिथे धूर नाही अशी जागाच ठेवायची नाही. मालकीणबाईंची आज्ञा. काढा रे पाकिटं."

पेंटरला तिसऱ्यांदा आणलं. तो म्हणाला, "मनाई लिहा म्हणाले, मी लिहिली. कुठे लिहा ते कुणी म्हणालं नाही." त्याचंही बरोबर होतं. सांगणाऱ्याने अर्धं सांगायचं आणि करणाऱ्याने पुरं करायचं, असं काम होत नाही. शेवटी सगळी भिंत पांढरी करून साधं लिहून घेतलं: इथे सिगरेट ओढू नये. आणि खाली बारीक अक्षरांत: जबाबदार, मुकादम.

त्यावर कुणाला काही सुचलं नाही. पुरुष फाटकाबाहेर जाऊन ओढायला लागले.

इंजिनाला मात्र ते जड गेलं. गठ्ठे ओढायला जेवढा जोर लागतो त्याहून जास्त जोर हात खिशाकडे न जाऊ देण्याला लागत होता, आणि त्या जोराला मांड्यांचा उपयोग नव्हता. ड्रमचा खटका ओढला की हात आपोआप वर जायचा. फाटकाशी जावं तर ड्रम एकटा राहतो. आतल्या चादरी एका बाजूला गोळा झाल्या तर ड्रम ठोके द्यायला लागतो, तेव्हा माणूस शेजारी हवा. काम टाकून सिगरेट ओढणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून तो फक्त जेवणाच्या सुट्टीत ओढायला लागला. त्याची बायको म्हणाली, "अहो, तुमचा चेहरा हल्ली सासुरवाशिणीसारखा दिसतो."

वहिनीचा खोकला मात्र कमी झाला नाही. घडी घालता घालता ती टेबलाला धरून उभी राहायची. बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. एक दिवस इंजिन तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "घरात कोण ओढतं?"

"ओढायचे ते गेले," वहिनी म्हणाली. "आता घरात मीच."

"मग कामावर?"

"कामावर बंद झालंय," इंजिन म्हणाला. "मीच जबाबदार आहे."

डॉक्टरने त्याच्या बोटांकडे बघितलं. बोटं पिवळी होती. "धूर कुठून तरी जातोय छातीत," ते म्हणाले. "स्वतः न ओढता दुसऱ्याचा जातोय. धूर थांबला नाही तर यांना ती जागा सोडावी लागेल. आज ना उद्या श्वासच पुरणार नाही."

बाहेर आल्यावर दोघं बसथांब्याशी उभी राहिली. गर्दी होती. 

"मी महिनाअखेरपर्यंत बघते, भाऊजी," वहिनी म्हणाली. "नाही जमलं तर सोडते."

"सोडून काय करणार?"

"ते मला माहीत नाही."

"मग आमच्यात..."

"ते सोडून बोला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन हॉलमध्ये शिकाऱ्यासारखा फिरायला लागला. वहिनी म्हणत होती की सकाळी बरं असतं, दुपारी धूर येतो. त्याला काही जाणवत नव्हतं. वाफ होती, साबणाचा वास होता, गरम कापडाचा वास होता. पण ती म्हणते म्हणजे आहे. त्याने संडासात बघितलं. मळक्या कपड्यांच्या ढिगामागे बघितलं. बॉयलरच्या खोलीत बघितलं, तिथे बॉयलरवाला कोऱ्या चेहऱ्याने काटा बघत बसला होता. शेवटी संशय ढोल्यावर आला, कारण ढोल्या दुपारी एकदा दिसेनासा व्हायचा. इंजिनाने त्याला वाळवणीच्या यंत्रांमागे गाठलं. ढोल्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

"तोंड उघड," इंजिन म्हणाला.

"कशाला?"

"वास घेऊ दे."

ढोल्याने डोळे उघडले. "मी झोपतो इथे. झोपायला मनाई लिहिलीय का कुठे? आणि इतक्या जवळून माझी बायकोसुद्धा वास घेत नाही."

"मग धूर कोण सोडतंय?"

"मला काय विचारतोस? जबाबदार तू." ढोल्या उठून उभा राहिला. त्याला खरंच लागलं होतं. "पावसात फाटकाबाहेर उभा राहतो मी. तुझ्या वहिनीसाठी राहतो, पाटीसाठी नाही. आणि तू माझं तोंड हुंगतोस."

इंजिनाने माफी मागितली नाही, कारण त्याला वाक्य जुळवता आलं नाही. त्याऐवजी त्याने दुपारभर ढोल्याच्या ड्रमचे गठ्ठे स्वतः ओढले. ढोल्याने ते बघितलं आणि रिकामी टोपली त्याच्याकडे सरकवली.

महिना सरत आला. वहिनी आता टेबलाशी स्टूल घेऊन बसायला लागली होती. बसून मोठी चादर नीट घडी होत नाही, हात पोचत नाहीत. तिच्या घड्यांचे कोपरे हुकायला लागले. ते तिला दिसत होतं, आणि इंजिनाला दिसतंय हेही तिला दिसत होतं.

मग बॉयलर साफ करायचा दिवस आला. त्या दिवशी सकाळचे ड्रम चालवून दुपारी बॉयलर बंद करतात. रूळ गार, वाळवणी बंद. माणसं तेव्हा राहिलेल्या घड्या घालतात, टोपल्या दुरुस्त करतात. दुपार झाली आणि हॉलमधली वाफ हळूहळू निवळली. वरच्या खिडक्यांतून ऊन तिरपं आत येत होतं. इतका स्वच्छ हॉल इंजिनाने क्वचितच बघितला होता. या टोकापासून त्या टोकाच्या भिंतीवरचे खिळे दिसत होते.

आणि त्या उन्हात, केबिनच्या काचेच्या वर, एक निळसर दोरी लोंबत होती.

ती हलत होती. वरच्या गोल भोकातल्या पंख्यातून निघायची, उन्हात जराशी उलगडायची आणि घडीच्या टेबलाकडे उतरायची. थेट तिथेच. टेबल केबिनच्या पायथ्याशी होतं. मालकांना शेवटची घडी डोळ्यांसमोर हवी, म्हणून ते पहिल्यापासून तिथेच ठेवलेलं. आणि पंखा थोरल्या मालकांनी स्वतः लावून घेतला होता, आतली हवा बाहेर टाकायला. बाहेर म्हणजे हॉलमध्ये. काचेपलीकडे थोरले मालक खुर्चीत बसले होते आणि चिरूट ओढत होते.

इंजिन बघत राहिला. त्याने आजूबाजूला बघितलं. ढोल्या वर बघत होता. बॉयलरवाला वर बघत होता. मग दोघांनीही खाली बघितलं.

"ते तर..." ढोल्या म्हणाला.

"हं," बॉयलरवाला म्हणाला.

इंजिन घडीच्या टेबलाशी गेला. "वहिनी, तो धूर तिथून येतोय."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज माझ्या डोक्यावर उतरतो, भाऊजी. मला नाही माहीत होणार तर कुणाला?"

"मग बोलला का नाहीत? मी त्या ढोल्याचं तोंड हुंगलं."

"बोलून काय झालं असतं? पाटीवर नाव तुमचं. तुम्ही वर गेला असता, ते तुम्हाला काही बोलले असते, मग तुम्ही उलट बोलला असता. माझी एक नोकरी जातेय, दोन कशाला घालवायच्या?" तिने दम घेतला. "मला वाटलं, तुम्हालाही दिसत असेल. तुम्ही मुद्दाम बघत नसाल."

हे ऐकून इंजिन अगदीच गोंधळला. त्याला दिसलं नव्हतं हे खरं होतं. पण रोज दुपारी काचेमागे थोरले मालक चिरूट ओढताना त्याने बघितले होते, हेही खरं होतं. रोजच बघितले होते. ते ओढतात हे माहीत होतं, पंखा कुठे आहे हे माहीत होतं, आणि धूर कुठून येतो हे मात्र तो महिनाभर संडासात शोधत होता. या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहून एकमेकींना कशा भेटल्या नाहीत, ते त्याला कळेना.

तो पायऱ्या चढून वर गेला. दारावर टकटक केली.

"या, मुकादम," थोरले मालक म्हणाले. "आज हॉल छान दिसतोय."

"मालक, इथे ओढायची बंदी आहे."

"कुठे?"

"हॉलमध्ये. कामाच्या जागी."

थोरले मालक रागावले नाहीत. रागावले असते तर इंजिनाला सोपं गेलं असतं. त्यांनी चिरुटाची राख झाडली आणि शांतपणे विचारलं, "मी काय काम करतो इथे?"

"तुम्ही... काही नाही. तुम्ही बसता."

"बरोबर. मी निवृत्त झालो. मी काम करत नाही, म्हणजे ही माझी कामाची जागा नाही. आणि तुमची पाटी मी इथून वाचली आहे. सिगरेट ओढू नये म्हणते. ही सिगरेट आहे का?"

"नाही मालक. चिरूट."

"मग? शिवाय मी दार लावून बसतो. पंखा लावून बसतो. केबिनमध्ये वास तरी येतो का?"

केबिनमध्ये खरंच वास येत नव्हता. इंजिन दारात उभा राहिला. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. फक्त सगळी मिळून कुठेतरी चुकत होती, आणि कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. "बरं," तो म्हणाला आणि खाली उतरला. शेवटच्या पायरीवर त्याला कळलं की आपण बरं म्हणालो.

तो तसाच मागच्या खोलीत मालकीणबाईंकडे गेला आणि सगळं सांगितलं. पंखा, चिरूट, सगळं.

मालकीणबाई टेबलावरच्या पेल्याशी चाळा करत बसल्या. "ते बाबा आहेत, मुकादम," त्या म्हणाल्या. "ही लाँड्री त्यांनी हाताने उभी केली. त्यांना मी कसं सांगू? तुम्ही सांगा ना. जबाबदार म्हणून तुमचं नाव आहे."

"मी सांगितलं."

"मग?"

"मग मी बरं म्हणालो." इंजिनाने डोकं खाजवलं. "बाई, मला कायदा कळत नाही. मुक्त आणि मनाईसुद्धा मला अजून धड कळलेलं नाही. ढोल्याला मी सांगू शकतो, कारण तो माझ्या हाताखाली आहे. बॉयलरवाल्याला सांगू शकतो. थोरले मालक माझ्या हाताखाली नाहीत. मग त्यांच्या धुराला मी जबाबदार कसा? तो पंखा काढा म्हणायचा अधिकार मला नाही. ते टेबल हलवा म्हणायचाही नाही. नाव तेवढं माझं आहे."

मालकीणबाईंनी पेला बाजूला सरकवला.

"वहिनी शनिवारी सोडतात," तो म्हणाला. "त्यांची छाती भरली आहे. दुसरीकडे त्यांना या वयात कोण घेणार? घरी माझ्या ताटात जेवायच्या नाहीत त्या. उपाशी राहतील, पण नाही. त्या इथे राहतील की जातील, एवढंच मला विचारायचं होतं. ते कुणाला विचारू?"

"मलाच," मालकीणबाई म्हणाल्या. "मलाच विचारायचं. तुमचं नाव घातलं की माझं काम झालं, असं मी धरून चालले."

त्या उठल्या आणि केबिनमध्ये गेल्या. दार लावलं.

खाली सगळ्यांचे हात थांबले. आवाज येत नव्हता, काचेतून नुसतं दिसत होतं. मुलगी उभी, वडील बसलेले. मुलगी बोलत होती. वडील वर बोट करून काही म्हणाले, मग खाली बोट करून काही म्हणाले. मुलीने काचेतून खाली घडीच्या टेबलाकडे हात केला. थोरल्या मालकांनी मान वळवून तिकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली आणि चादरीचा कोपरा उगाचच पुन्हा पुन्हा दाबत राहिली. 

"कोण जिंकलं?" ढोल्याने कुजबुजत विचारलं.

"कळत नाही," इंजिन म्हणाला.

मग केबिनचं दार उघडलं. थोरले मालक हातात चिरूट धरून पायऱ्या उतरले. हॉलमधून चालताना त्यांनी चिरूट पाठीमागे धरला होता, शाळेतल्या मुलाने पकडला गेल्यावर धरावा तसा. फाटकाबाहेर गेले. मालकीणबाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उद्या तो पंखा निघेल आणि भोक बुजेल. हॉलची खराब हवा छतातून बाहेर जाईल असा नवा पंखा बसेल. केबिन, मागची खोली, बॉयलर, सगळी कामाची जागा. कुणी ओढत असेल तर मला येऊन सांगायचं. मी असेन तरी सांगायचं. मुकादमांचं नाव पाटीवरून काढते, माझं घालते."

ढोल्या पुटपुटला, "पेंटरला नीट सांगा म्हणजे झालं."

इंजिन फाटकाशी गेला तेव्हा थोरले मालक भिंतीला टेकून उभे होते. चिरूट विझला होता. त्यांनी तो परत पेटवला नव्हता.

"मुकादम, मला बाहेर तुम्ही काढलंत की तिने?"

"मला सांगता येणार नाही, मालक. मी तर बरं म्हणालो होतो."

थोरल्या मालकांनी विझलेला चिरूट खिशात घातला. "ती बाई रोज त्या पंख्याखाली उभी असते, हे मला काचेतून दिसायचं," ते म्हणाले. "मला वाटायचं, स्टूल घेऊन बसते म्हणजे आळशी झाली."

इंजिनाला वाटलं, आपल्यालाही असंच काहीतरी वाटत होतं.

पंखा निघाला. गवंड्याने भोक बुजवलं. छतात नवा पंखा बसला, त्याचा आवाज फार होता, पण तो हवा खरंच बाहेर टाकायचा. शनिवार आला. वहिनी एप्रन धुऊन, घडी करून घेऊन आली होती. टेबलावर ठेवला. मग तिथेच उभी राहिली, नाकाने हळू श्वास घेत, सोडत, पुन्हा घेत. इंजिन लांबून बघत होता. जवळ जावं की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी गेला.

"काय ठरलं?"

"हवा बरी आहे," वहिनी म्हणाली. तिने एप्रन उचलून अंगात घातला आणि मागची नाडी बांधली. "थांबते मी. पण भाऊजी, एक सांगू का? तुम्ही आत्ता जवळ आलात ना, तर तुमच्या अंगाला येतोय. कपड्यांना. बाहेर ओढून आलात की आत घेऊन येता. मला तोही सोसत नाही."

"मी तर सकाळी एकच..."

"एक असो की दोन. टेबलाच्या त्या बाजूला राहून बोला, नाहीतर सदरा बदलून या."

इंजिन दोन पावलं मागे सरकला. तिला अजून पुरलं नाही असं वाटलं म्हणून आणखी एक. मग तो फाटकाबाहेर आला. तिथे बॉयलरवाला होता. इंजिनाने सदऱ्याची कॉलर ओढून नाकाशी धरली. काही कळलं नाही. बाही हुंगली. साबणाचा वास होता, बाकी काही नाही.

"बघ रे," त्याने मान पुढे केली. "मला वास येतोय का?"

बॉयलरवाल्याने हातातली सिगरेट बाजूला धरली, वाकून त्याची कॉलर नीट हुंगली, इकडून एकदा, तिकडून एकदा.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

"मग तिला कसा येतो?"

बॉयलरवाल्याने विचार केला. मग स्वतःची कॉलर पुढे केली. "माझी बघ," तो म्हणाला. इंजिनाने बघितली. त्यालाही काही आलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. आतून ढोल्याने हाक मारली की ड्रम ठोके देतोय, कुणीतरी या. इंजिन वळला, फाटकात थांबला, आणि सदरा काढावा की आहे तसाच आत जावं ते त्याला ठरवता येईना.